जुन्या फोटोंतली फोर्टची मुंबई

फोर्टातल्या एका कचेरीत मी ३१ वर्षं नोकरी केली. सकाळी व्ही.टी.ला उतरायचं, मान खाली घालून ऑफिस गाठायचं आणि संध्याकाळी त्याच वाटेने धावत गाडी पकडायची. ज्या इमारती बघायला परदेशातून माणसं येतात, त्यांच्या सावलीतून आपण छत्री आणि डबा सांभाळत रोज जात होतो. आपल्या सोसायटीतल्या निम्म्या घरांत कोणी ना कोणी हे केलेलं आहे, तेव्हा जास्त सांगायला नको.

मला या इमारतींकडे बघायची सवय लावली ती जुन्या फोटोंनी. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं विकणारे बसायचे. जेवणाच्या सुट्टीत तिथे चाळता चाळता एकदा जुन्या मुंबईच्या फोटोंचं पुस्तक हाती लागलं. पुढे असली पुस्तकं, जुनी पोस्टकार्डं, कॅलेंडरंसुद्धा जमवत गेलो. बायको त्याला रद्दी म्हणते. स्मरणिकेसाठी लेख मागितलात, म्हणून त्या रद्दीतलंच थोडं तुमच्यापुढे ठेवतो.

आधी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर फोटो नीट वाचता येत नाहीत. दीडशे वर्षांपूर्वीचा फोर्टचा कुठलाही फोटो बघा, रस्ते ओस पडल्यासारखे दिसतात. टाऊन हॉलसमोर चिटपाखरू नाही. मग कोणी म्हणतं, ‘वा, काय शांत होती हो तेव्हाची मुंबई!’ ती शांत-बिंत काही नव्हती. त्या वेळचा कॅमेरा हलणारी वस्तू टिपूच शकत नव्हता. १८५१ साली इंग्लंडात फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने ओल्या काचेची पद्धत शोधली आणि पुढची तीसेक वर्षं बहुतेक फोटो तिनेच निघाले. काचेवर कोलोडियन नावाचा चिकट द्रव ओतायचा, ती चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि लगेच अंधारात धुवायची. हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत उरकायचं, कारण काच वाळली की संपलं. मुंबईच्या उन्हाळ्यात तर ती आणखी लवकर वाळणार. म्हणून फोटोग्राफर काळ्या कापडाचा तंबू, रसायनांच्या बाटल्या, काचांच्या पेट्या आणि हे ओझं वाहणारे हमाल असा लवाजमा घेऊन निघायचा. फोटो मोठा करून छापायची सोय नव्हती. जेवढी काच तेवढाच फोटो. मोठा फोटो हवा तर मोठी काच आणि मोठा कॅमेरा. छापायचा कागदही अंड्याच्या पांढऱ्या बलकाने तयार केलेला असे. त्या काळी आपल्यातल्या किती सोवळ्या घरांत तो फोटो भिंतीवर लागला असेल, देव जाणे!

अशा कॅमेऱ्यापुढे काही सेकंद तरी स्थिर राहावं लागे. चालणारा माणूस त्या काचेवर उमटतच नसे, किंवा धुरकट रेघ होऊन राही. इमारत मात्र हलत नाही, तक्रार करत नाही आणि ऊन पडलं की झकास दिसते. इमारतींचे इतके फोटो का निघाले, त्याचं अर्धं उत्तर यात आहे.

उरलेलं अर्धं उत्तर असं, की हे फोटो हवे असणारी माणसं होती. कंपनी सरकारला आपल्या मुलखातल्या जुन्या वास्तूंची नोंद हवी होती. १८५५ साली मुंबई सरकारने कॅप्टन बिग्ज याला विजापूरचे फोटो काढायला पाठवलं. अजिंठ्याची चित्रं उतरवून घेणारा रॉबर्ट गिल हाही पुढे कॅमेऱ्याकडे वळला. मुंबईत १८५४ सालीच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. म्हणजे आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला पहिल्यांदा गेली, त्याच्या दुसऱ्याच वर्षी. आणि ही नुसती साहेबांची हौस नव्हती, हे मला विशेष वाटतं. आपले डॉ. भाऊ दाजी लाड त्या सोसायटीत होते. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः फोटो काढत आणि त्यांचे फोटो प्रदर्शनात लागत. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. त्यात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण हे पुढे मुंबईतले नावाजलेले फोटोग्राफर झाले आणि त्यांचं काम १८६७च्या पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलं गेलं. दादासाहेब फाळके आपल्याला माहीत असतात, ही नावं मात्र शाळेच्या पुस्तकात नसतात.

मुंबईच्या फोटोंचं पहिलं मोठं काम विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन या जोडीचं. १८५६ ते १८५८ या काळात त्यांनी एक मासिक चालवलं. त्यात छापील चित्रं नव्हती. खरे फोटो एकेका अंकात चिकटवलेले असत! टाऊन हॉल, चर्च, कोटाच्या आतले रस्ते, निरनिराळ्या जातीधर्मांची माणसं असं सगळं त्यात येई. पुढे याच जॉन्सनने १८६३ आणि १८६६ साली मुंबईच्या लोकांविषयी दोन खंड काढले. त्यातली माणसं इमारतींसमोर, झाडांखाली ऐटीत उभी दिसतात. प्रत्यक्षात ती स्टुडिओत उभी केली होती. मागचं दृश्य वेगळ्या काचेवरचं आणि दोन्ही जुळवून एक फोटो केलेला. आपला नातू मोबाईलवर मला ताजमहालासमोर उभा करतो, तोच प्रकार. फोटो खोटं बोलत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

हे फोटो निघत होते तेव्हा फोर्टला खरोखरच कोट होता. तटबंदी, खंदक आणि तीन दरवाजे : अपोलो गेट, चर्चगेट आणि बझार गेट. आपण रोज ज्या ‘चर्चगेट’ला उतरतो, तिथे दरवाजा कधीच नव्हता. तो होता आजच्या फ्लोरा फाउंटनपाशी. १८६२ साली सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर होऊन आले आणि कोट पाडायचं काम सुरू झालं. तिकडे अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, त्यामुळे आपल्या कापसाला सोन्याचा भाव. १८६५ साली युद्ध संपलं, भाव कोसळले आणि भल्याभल्यांची दिवाळी निघाली, पण तोवर नव्या शहराचा आराखडा पक्का झाला होता. कोट गेला आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यात सेक्रेटरिएट (१८६७ ते १८७४), विद्यापीठाचा सभामंडप (१८७४), हायकोर्ट (१८७१ ते १८७८) आणि राजाबाई टॉवर (१८६९ ते १८७८) एका ओळीत उभे राहिले. जेमतेम बारा वर्षांत! आपल्या सोसायटीच्या लिफ्टची परवानगी किती वर्षांत मिळाली, ते आठवून बघा.

या ओळीचा पश्चिमेकडून काढलेला एक प्रकारचा फोटो वारंवार भेटतो. पुढे मोकळं मैदान आणि पलीकडे डावीकडून उजवीकडे हायकोर्ट, टॉवर, सभामंडप, सेक्रेटरिएट. आज ओव्हलवर उभं राहिलं तरी ही रांग दिसते, पण झाडांआडून, तुकड्या-तुकड्याने. त्या फोटोत झाडं पोरवयाची आहेत आणि इमारती पायथ्यापासून कळसापर्यंत उघड्या. शिवाय फोटोग्राफरच्या पाठीशी रेल्वेचा रूळ आणि त्यामागे थेट समुद्र. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हलच्या पश्चिमेची गोलाकार गॅलऱ्यांची घरं १९३०च्या दशकात आली, भराव टाकल्यानंतर. म्हणजे सेक्रेटरिएटच्या गॅलऱ्या समुद्राचा वारा घ्यायला केल्या होत्या, हे आजच्या जागेवरून कळत नाही. फोटो बघितला की ते एका क्षणात कळतं. गॉथिक कमानी विलायतेतल्या खऱ्या, पण त्यांच्यामागे खोल, सावलीच्या गॅलऱ्या आणि उघडे जिने आहेत ते मुंबईच्या उकाड्यासाठी. आपल्या गिरगावच्या चाळीलाही गॅलरीच असते. गॉथिक तेवढं नसतं.

अजून एक बारकावा. मोबाईलवर टॉवरचा फोटो घ्या, तो मागे कलंडल्यासारखा येतो. जुन्या फोटोत तो ओळंब्यात सरळ असतो. त्या कॅमेऱ्याची भिंग धरणारी पुढची बाजू वर सरकवता येई, कॅमेरा तिरका करावा लागत नसे. म्हणूनच डागडुजी करणाऱ्या वास्तुविशारदांना हे फोटो नकाशासारखे उपयोगी पडतात. कुठला कठडा नंतर गेला, कुठली कमान विटांनी बुजवली, छपराला मूळ आकार काय होता, हे त्यावरून मापता येतं.

राजाबाई टॉवरविषयी थोडं जास्त लिहितो, कारण माझ्या खिडकीतून तो दिसायचा. उंची २८० फूट. पैसा प्रेमचंद रायचंद यांचा, नाव त्यांच्या आईचं, आराखडा लंडनच्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. हे स्कॉटसाहेब मुंबईत कधी आलेच नाहीत. कागदावर रेषा ओढून त्यांनी पाठवल्या आणि कुर्ल्याच्या दगडातून त्या उभ्या केल्या इथल्या माणसांनी. टॉवरवर वर कोनाड्यांत पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या समाजांच्या लोकांचे २४ पुतळे आहेत. ते रावबहादूर मुकुंद रामचंद्र या आपल्या असिस्टंट इंजिनिअरचं काम. व्ही.टी.चंही तसंच. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स हे नाव सगळ्यांना ठाऊक. त्यांच्या हाताखाली सीताराम खंडेराव हे असिस्टंट इंजिनिअर होते आणि कोरीव कामात जे.जे.च्या विद्यार्थ्यांचा मोठा वाटा होता. फोटोखालच्या ओळीत मात्र इमारतीचं नाव असतं आणि फार तर फोटोग्राफरच्या कंपनीचं.

भिंगाखाली धरून बघितले तर या फोटोंत माणसं सापडतात, बरं का. पायरीवर बसलेला पट्टेवाला, बैलगाडीवाला, भिंतीच्या सावलीत झोपलेला कोणी. झोपलेला माणूस सगळ्यात स्पष्ट येतो, कारण तो हलत नाही! कधी कधी फोटोग्राफर मुद्दाम एखाद्याला इमारतीपुढे उभा करी, इमारत किती मोठी ते कळावं म्हणून. म्हणजे माणसाचं काम फूटपट्टीचं. यावर हसू नका. स्मरणिकेसाठी आपल्या सोसायटीचा जुना अल्बम काढला, त्यात भूमिपूजनाचा फोटो आहे. बिल्डर, पाहुणे, आपले पहिले चेअरमन, सगळ्यांची नावं मागे शाईने लिहिलेली. कोपऱ्यात खड्ड्याच्या काठावर घमेली घेतलेल्या दोन बायका आहेत. एकीच्या पायाशी मूल. त्यांची नावं मागे नाहीत. आपल्यातल्या कोणाला ती आठवत असतील तर अजूनही लिहिता येतील.

तारीख नसलेला फोटो कधीचा, हे ओळखायचा मला नादच लागला. हा खेळ घरी पोरांबरोबर खेळण्यासारखा आहे, म्हणून खुणा सांगतो. रस्त्यावर घोड्यांची ट्राम दिसली तर फोटो १८७४ नंतरचा. वर तारा आणि विजेची ट्राम असेल तर १९०७ नंतरचा आणि १९६४च्या आधीचा. राजाबाई टॉवर अर्धवट असेल तर १८७८च्या आधीचा. व्ही.टी.समोर महापालिकेची इमारत नसेल तर १८९३च्या आधीचा. काळ्या घोड्यावर सातवा एडवर्ड बसलेला दिसला, तर १८७९ ते १९६५ यांच्या मधला. आता तिथे आहे तो घोडा बिनस्वाराचा, २०१७ साली बसवलेला. मूळ स्वार घोड्यासकट भायखळ्याला राणीच्या बागेत आहे.

राणीच्या बागेत खुद्द राणीही आहे. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेला व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा १८७२ पासून फोर्टात एका नक्षीदार गॉथिक मखरात बसला होता. जुन्या पोस्टकार्डांवर तो फार दिसतो. १८९६ साली दामोदर चापेकरांनी रात्री जाऊन याच पुतळ्याला डांबर फासलं आणि चपलांची माळ घातली. पोस्टकार्डातला पुतळा अर्थातच कायम पांढराशुभ्र. व्ही.टी.च्या दर्शनी भागात घड्याळाच्या खालीही राणीचा पुतळा होता. आज तो कोनाडा रिकामा आहे. पुतळा कसा होता ते फोटोतच बघायचं. मला राणीचा काही पुळका नाही. पण सोळा लाख रुपये खर्चून बांधलेल्या त्या इमारतीच्या सगळ्या रेषा ज्या जागी येऊन मिळतात, ती जागा मोकळी का वाटते, याचा उलगडा जुन्या फोटोने होतो, एवढंच.

सगळ्यात वाईट वाटतं ते वॉटसन हॉटेलचं. काळ्या घोड्याजवळची ही इमारत. तिचा लोखंडी सांगाडा इंग्लंडात ओतून, जहाजाने आणून इथे १८६७ ते १८६९ मध्ये जोडला. जुन्या फोटोत चारी मजल्यांवर लोखंडी कठड्यांच्या गॅलऱ्या, त्यात आरामखुर्च्या, सगळं ताठ आणि स्वच्छ. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा हिंदुस्थानातला पहिला खेळ इथे झाला. ते पाहणाऱ्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा होते. ते फोटोग्राफरच. मग त्यांनीही विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ साली कुस्तीचं चित्रीकरण केलं. स्थिर फोटोतून हलता सिनेमा निघाला, तो आपल्याकडे या इमारतीतून. २००५च्या पावसाळ्यात तिच्या गॅलऱ्यांचा भाग कोसळला आणि एक माणूस गेला. पुढच्या वर्षी धोक्यातल्या शंभर वास्तूंच्या जागतिक यादीत तिचं नाव होतं. १९९५ पासून मुंबईत वारसा इमारतींचे नियम आहेत, २०१८ साली ओव्हलभोवतीचा सगळा परिसर युनेस्कोच्या यादीत गेला, त्यात हीही आली. पण आत राहणाऱ्यांचं भाडं, मालकाचा खर्च आणि कोर्टकचेऱ्या यांचं त्रांगडं कसं असतं, हे पुनर्विकासाच्या मीटिंगा बघितलेल्यांना मी काय सांगावं!

आणि फोटो तरी सुरक्षित कुठे आहेत? सॅम्युअल बॉर्न १८६३ साली हिंदुस्थानात आला. त्याच्या ‘बॉर्न अँड शेफर्ड’ कंपनीने देशभरच्या वास्तूंचे अप्रतिम फोटो काढले, मुंबईचेही. त्यांच्या कलकत्त्याच्या स्टुडिओला १९९१ साली आग लागली आणि काचांचा मोठा साठा गेला.

आता शेवटचा एक प्रकार. तो कॉफी टेबलवरच्या पुस्तकांत सहसा नसतो. हायकोर्ट, टॉवर, स्टेशन यांचे फोटो शेकड्याने आहेत. काळबादेवी, भेंडीबाजारचे रस्तेही आहेत. पण ज्या चाळीत गवंडी, गिरणीकामगार, कारकून राहत होते, तिच्या उंबरठ्याच्या आत कॅमेरा सहसा गेला नाही. तो गेला १८९६ साली, मांडवीत प्लेग निघाल्यावर. त्या साथीचे फोटो लंडनच्या वेलकम संग्रहात आहेत. तपासणीला आलेली पथकं, पाण्याचे फवारे मारून धुतली जाणारी घरं, बाहेर काढलेलं सामान. दारावर, भिंतीवर रंगवलेले गोल. प्लेगचा रोगी सापडला, त्याची ती खूण. काही घरांवर इंग्रजीत तीन अक्षरं, यू.एच.एच. म्हणजे माणसांनी राहायला नालायक. तीस वर्षं ज्या शहराच्या कमानी इतक्या प्रेमाने टिपल्या, त्याच शहरातली घरं पहिल्यांदा नीट दिसतात ती अशी. आणि या फोटोंत माणसं धुरकट नाहीत. तोवर कॅमेरा वेगवान झाला होता आणि ती माणसं दाराशी उभी राहून कॅमेऱ्याकडे बघत आहेत.

त्या साथीनंतर १८९८ साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते त्याने काढले, दाट वस्ती फोडली, दादर-माटुंग्याची आखणी केली. पाडलेल्या घरांतली सगळी माणसं नव्या घरांत गेली असं मात्र झालं नाही. भाडं परवडायला हवं ना! गावदेवीलाही ट्रस्टने जमीन तयार केली. तिथे काही मध्यमवर्गी कुटुंबांनी भाड्याच्या खोल्यांना कंटाळून श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने एकत्र वर्गणी काढली आणि १९१५ साली सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी स्थापन केली. आपण ज्या नियमांनी मेंटेनन्स भरतो, वार्षिक सभेत भांडतो आणि चहा पिऊन घरी जातो, त्या सगळ्याची मुंबईतली सुरुवात तिथली. ग्रँट रोडला उतरून पश्चिमेकडे चालत गेलं तर दहा मिनिटांवर ती सोसायटी आहे. मी मागच्या दिवाळीत जाऊन आलो. दोन-चार मजली साध्या इमारती, गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे आणि समोर झाडं. मोबाईलवर एक फोटो काढला. मागे तारीख लिहिता येत नाही, म्हणून घरी येऊन त्याची प्रत छापून घेतली आणि पेनने लिहिली.